एकवचनी मंडळी

मंडळी हा शब्द मोठा संसारी आहे. चार माणसे जमली की त्यांची मंडळी होते. पाहुणे दाराशी आले की 'मंडळी आली' असे आपण म्हणतो. जुन्या वळणाचा नवरा चारचौघांत बायकोचे नाव न घेता 'आमची मंडळी' म्हणून मोकळा होतो. आणि ख्रिस्ती भाविकांच्या परिभाषेत एका चर्चचा जो उपासकसमुदाय, त्यालाही मंडळीच म्हणतात. एकाच शब्दाने इतकी घरे सांभाळायची म्हटल्यावर कधीतरी भांड्याला भांडे लागणारच. ते कसे लागले आणि त्यातून कोणता नाद निघाला, त्याची ही हकिगत.

पुलाच्या अलीकडच्या उतारावर, छापखाना आणि लोखंडी सामानाचे दुकान यांच्यामध्ये, एक लहानसे दगडी चर्च होते. तेथे बाके उदंड आणि माणसे मोजकी. जी होती तीही आपापल्या वाडवडिलांच्या बाकांवर विखरून बसत. त्यामुळे रविवारी प्रवचन करताना पाळकांना समुद्रातल्या बेटांना उद्देशून बोलत असल्यासारखे वाटे. पुलापलीकडे मोठे चर्च होते. तेथे गायकवृंद होता, सभागृह होते, आणि ज्या बाकावर बसायचे त्यासाठी लवकर यावे लागे. साहजिकच, लहान मंडळी मोठीत विलीन करून टाकावी असा विचार वरिष्ठांच्या मनात घोळू लागला होता.

पाळक मध्यम वयाचे, निर्मळ मनाचे आणि आराखड्यांचे भोक्ते होते. विलीनीकरणाची कुणकुण लागताच त्यांनी 'नवचैतन्य योजना' नावाचा एक जाडजूड आराखडा सिद्ध केला आणि तो घेऊन ते बिशपसाहेबांच्या कार्यालयात गेले. बिशपसाहेबांनी तो शांतपणे शेवटपर्यंत चाळला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पाळकसाहेब, यात तरुणांसाठी आहे, म्हाताऱ्यांसाठी आहे, वाचनालय आहे, वाद्यवृंद आहे. बागसुद्धा आहे."

"जी, मागच्या अंगणात."

"फक्त तुमची मंडळी कशासाठी आहे, तेवढं नाही."

"ते आठव्या परिशिष्टात आहे, साहेब."

"परिशिष्टात नको. तोंडात असू दे," बिशपसाहेब म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते पाळकांना अधिक लागले. "पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तुमच्याकडे उपासनेला येतो. एका वाक्यात सांगा. सांगता नाही आलं, तर तुमच्या लोकांना पुलापलीकडे जागा आहे, आणि तुमच्यासाठीही कुठेतरी काम निघेल."

घरी आल्यावर पाळकांनी ही गोष्ट पत्नीच्या कानावर घातली. त्या शाळेत गणित शिकवीत. वह्या तपासता तपासताच त्या म्हणाल्या, "एक वाक्य? अहो, तुमचा नुसता नमस्कार दोन परिच्छेदांचा असतो."

योजनेतील एक कलम मात्र पाळकांनी आधीच अमलात आणले होते. आजूबाजूच्या वस्त्यांत, पाळकांवाचून विस्कटलेल्या काही छोट्या मंडळी होत्या. त्यांना हात द्यावा, म्हणजे पुण्यही घडेल आणि आपली संख्याही वाढेल, अशा दुहेरी हेतूने त्यांनी फाटकावर पाटी लावली होती: 'खचलेल्या मंडळींना आधार. निःसंकोच संपर्क साधावा.' खाली दूरध्वनीचा क्रमांक होता.

या पाटीवर पहिला आक्षेप मास्तरांचा आला. मास्तर म्हणजे मंडळीतले ज्येष्ठ पंच. उभे आयुष्य भाषा शिकवून निवृत्त झालेले. पण लाल शाई अजून अंगात होती.

"मंडळी हे समूहवाचक नाम आहे. एका चर्चची मंडळी एकवचनी असते. हे 'मंडळींना' कशाला?"

"पण अनेक चर्चच्या अनेक मंडळी, म्हणून अनेकवचन, मास्तर."

"लोक गोंधळतील."

"खचलेला माणूस व्याकरण बघत नाही हो," पाळक म्हणाले. पुढे जे घडले ते पाहता दोघांचेही म्हणणे खरे ठरले.

एका दुपारी दूरध्वनी आला. आवाज वयस्कर आणि संकोची होता. "तुमची पाटी वाचली. खचलेल्या मंडळींना तुम्ही आधार देता ना?"

"अवश्य. आपण कुठून बोलता?"

"पुलापलीकडून. आमची मंडळी अगदी खचली आहे हो."

पाळकांनी पेन उचलले. "केव्हापासून?"

"वर्ष होत आलं. आधी काय गायची म्हणता! घर दुमदुमायचं. आता आवाजच बंद."

"काही मतभेद झाले का?"

"आमच्यात? छे. इतक्या वर्षांच्या संसारात कुरबुर चालायचीच."

'संसार' हे रूपक पाळकांना फार भावले. "मंडळी जुनी दिसते."

"म्हणजे काय! माझ्याहून दोनच वर्षांनी लहान."

या सद्गृहस्थांच्या जन्मानंतर लगेचच तेथील चर्चची स्थापना झाली असावी, असे पाळकांनी मनाशी ताडले. पलीकडचा आवाज पुढे म्हणाला, "पूर्वी मोठ्या चर्चमध्ये होती. मग पडली. त्यानंतर तिकडून कोणी विचारायलासुद्धा आलं नाही."

फुटून निघालेली, पडझड झालेली, उपेक्षित मंडळी! पाळकांनी तिन्ही शब्द कागदावर अधोरेखित केले. "आम्ही येतो. मी माझी मंडळी घेऊनच येतो."

"आणा की! दोघी भेटतील, तेवढाच जिवाला विरंगुळा."

दोन मंडळींना 'दोघी' म्हणणारा हा माणूस किती भाविक असेल, या विचाराने पाळकांचे डोळे पाणावले. त्यांनी पत्ता उतरवून घेतला आणि 'संघटित मंडळीची सप्तसूत्री' या विषयावर घसघशीत प्रवचन लिहावयास घेतले.

शनिवारी दुपारी सगळा लवाजमा पुलावरून निघाला. पुढे पाळक व त्यांच्या पत्नी. मागे काखेत पेटी घेतलेल्या आत्या. या नात्याने पाळकांच्याच आत्या, पण साऱ्या मंडळीने त्यांना आत्याच करून टाकले होते, आणि रविवारी पेटीवर दुसऱ्याचे बोट पडू न देण्याविषयी त्यांची ख्याती होती. त्यांच्या मागे छापखान्याचे मालक, रुग्णालयात काम करणाऱ्या दोघी परिचारिका बहिणी, आणखी काही जण, आणि सर्वांत शेवटी छत्री टेकत मास्तर. पत्ता एका घड्याळाच्या दुकानावरच्या माडीचा निघाला. जिना लाकडी, अरुंद आणि मध्येच काटकोनात वळलेला. पाळकांनी दार वाजवले. सदऱ्याची बाही सारखी करीत एका वृद्ध घड्याळजींनी ते उघडले.

"मीच बोललो होतो. आणि तुमची मंडळी?"

"ही काय, आणली," म्हणून पाळकांनी जिन्याकडे हात केला.

घड्याळजींनी डोकावून पाहिले. पायरीपायरीवर माणूस होता, आणि त्यांत बायका पुष्कळ होत्या. घड्याळजींचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. "एवढ्या?"

"आज थोडी कमीच आहे," पाळक नम्रपणे म्हणाले. "आपली मंडळी कुठे आहे?"

"आत, खिडकीशी."

"सगळी?"

"सगळी म्हणजे? एकच आहे हो माझी!"

जिन्याच्या वळणावरून मास्तरांचा आवाज आला, "पाळकसाहेब, घोळ झाला. यांचा शब्दप्रयोग घरगुती आहे."

पाळकांच्या पत्नींच्या ध्यानात आले तेव्हा त्यांनी पदर तोंडाशी नेला. पण हसू आवरेना. पाळकांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले, परंतु त्या जमिनीखाली घड्याळाचे दुकान होते. घड्याळजींनी आत जाऊन पत्नीच्या कानाशी वाकून सारा प्रकार सांगितला. खिडकीशी उंच पाठीच्या खुर्चीत त्या बसल्या होत्या. पक्षाघाताने उजवे अंग आणि वाचा दोन्ही हिरावून नेली होती. झटका आला तो याच जिन्यावर. ऐकता ऐकता त्यांचा डावा खांदा हलू लागला. घड्याळजी घाबरले, मग त्यांनी पत्नीच्या डोळ्यांत पाहिले आणि स्वतःच भिंतीला टेकले.

"हसते आहे," ते म्हणाले. "वर्षात पहिल्यांदा हसते आहे."

आल्यासरशी परतणे शोभले नसते. मंडळी आत आली, ट्रंकेवर, उंबऱ्यावर, खिडकीच्या कट्ट्यावर जागा मिळेल तशी टेकली. चर्चमध्ये जी माणसे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर बसत ती येथे खांद्याला खांदा लावून बसली, कारण इलाजच नव्हता. पाळकांनी खिशातली सप्तसूत्री चाचपली आणि खिशातच राहू दिली. "आपण गाऊ या," एवढेच ते म्हणाले.

आत्यांनी पेटी उघडली, आणि दुसऱ्याच ओळीला थांबल्या. खोलीच्या चारी भिंतींवर दुरुस्तीला आलेली घड्याळे होती आणि प्रत्येकाचा लंबक आपल्याच मतीने चालला होता. "एवढ्या टकटकीत मी कुठला ताल धरू? ही घड्याळं आहेत की सासरची माणसं?"

तेव्हा खुर्चीच्या हातावरून एक डावे बोट वर उठले. ते क्षणभर हवेत स्थिर राहिले, मग खाली आले, आणि पुन्हा वर गेले. आत्या पाहत राहिल्या.

"मोठ्या चर्चच्या गायनाची पुढारी होती ती," घड्याळजी हळूच म्हणाले.

आत्यांनी त्या बोटाबरोबर सूर धरला. मंडळी गाऊ लागली. तिसऱ्या कडव्यात आत्यांनी सवयीने थोडी घाई केली, तशी त्या बोटाने आडवे होऊन साफ नकार दिला आणि सगळ्यांना पुन्हा आरंभाला नेऊन बसवले. इतक्या वर्षांत आत्यांना चूक दाखवण्याची छाती कोणाला झाली नव्हती. त्या फणकारल्या नाहीत. "बरोबर आहे त्यांचं," एवढे पुटपुटून त्यांनी पुन्हा भाता हलवला.

परतताना पुलावर पाळक म्हणाले, "माझी सप्तसूत्री राहिलीच."

"राहू दे," पत्नी म्हणाल्या. "आज पहिल्यांदाच सगळे शेवटपर्यंत जागे होते."

पुढच्या आठवड्यात मंडळी आपण होऊन पुन्हा तेथे गेली. परिचारिका बहिणींनी सुचवले म्हणून नंतर एका अंथरुणाला खिळलेल्या निवृत्त टपालवाल्याकडेही गेली; त्याला गाण्यात रस नव्हता, म्हणून त्याच्यापाशी बसून मास्तरांनी त्याच्या जुन्या वाटेवरच्या घरांविषयी विचारपूस केली आणि तीच त्या दिवशीची उपासना झाली. ज्याचे जसे घर तशी तऱ्हा. हे सारे योजनेत कोठेच नव्हते. पाळक रोज रात्री जेवणानंतर ते एक वाक्य लिहावयास बसत. त्यात 'सर्वांगीण' येई, 'तद्वतच' येई, आणि पूर्णविराम काही केल्या येत नसे.

महिना संपत आला तशी त्यांना एक कल्पना सुचली. ते घड्याळजींच्या घरी गेले आणि खुर्चीसमोर स्टूल ओढून बसले.

"पहिल्या रविवारी बिशपसाहेब येणार आहेत. आमचं गाणं तुमच्या बोटाखाली व्हावं. छापखान्याचे मालक आणि त्यांची माणसं खुर्चीसकट तुम्हाला नेतील. याल?"

त्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मग त्यांनी दाराकडे, जिन्याच्या दिशेने, बोट केले आणि ते चटकन मागे घेतले.

"समजलं," पाळक म्हणाले. "पण माझा शब्द ऐका. त्या दिवशी आम्ही गाऊ तर तुमच्याबरोबर. तुमच्याशिवाय नाही."

त्या रविवारी चर्च कधी नव्हे एवढे भरले. मास्तरांनी आपले जावई, सुना, शेजारी, सर्वांना हुकूम सोडून आणवले होते. बाके पुसलेली, फुले ताजी. पाळक अंगावर झगा चढवून दाराशी उभे होते, आणि ओठांतल्या ओठांत आदल्या रात्रीचे वाक्य घोळवीत होते. इतक्यात छापखान्याचे मालक एकटेच घाम पुसत आले.

"नाही जमलं. खुर्ची वळणापर्यंत आणली. तिथे त्यांनी कठडा धरला तो सोडेचनात. डोळे मिटून घेतले. जबरदस्ती कशी करणार? पुन्हा वर नेऊन बसवलं."

आत कुजबुज पसरली. आत्या म्हणाल्या, "मग गाऊ तसेच. इतकी वर्षं बोटाशिवायच गायलो की."

"मी त्यांना शब्द दिला आहे," पाळक म्हणाले.

"अहो, पण बिशपसाहेब निघाले असतील," मास्तरांचे जावई म्हणाले. "त्यांना काय रिकामी बाकं दाखवायची? आज नाही दिसलो तर उद्या हे दार बंद होईल."

ते म्हणणे खोटे नव्हते. पाळकांनी भरलेल्या बाकांकडे पाहिले. असे दृश्य पुन्हा दिसेल याची खात्री नव्हती. आपले पद, राहते घर, पत्नीची जवळची शाळा, सगळे या एका सकाळीला बांधलेले होते. आणि तिकडे एक बाई खिडकीशी बसून, आपल्या भीतीपायी गाणे मोडले, असे स्वतःला बोल लावीत असेल.

"मी जातो," ते म्हणाले. "ज्यांना थांबायचं त्यांनी थांबावं. मला राग नाही."

कोणी हलेना. तेवढ्यात पुढच्या बाकावरून मास्तर उठले. त्यांनी इतक्या खटपटीने जमवलेली ती गर्दी. तेव्हा ते आता पाळकांना चार शब्द सुनावणार, असे सर्वांना वाटले. मास्तरांनी छत्री उचलली.

"मंडळी एकवचनी असते, हे मी जन्मभर शिकवत आलो," ते म्हणाले. "या शब्दाचा दुसरा अर्थही मला पाठ होता. दिलेला शब्द न मोडणारा, तो एकवचनी. पण दोन्ही अर्थ एका जागी लावावेत, हे आजपर्यंत सुचलं नव्हतं." मग जावयाकडे वळून, "काय बघता? पेटी उचला आत्यांची."

जाता जाता मास्तरांनी खडू मागून घेतला आणि फाटकावरच्या पाटीखाली ठसठशीत अक्षरांत लिहिले: 'मंडळी पुलापलीकडे, घड्याळजींच्या घरी आहे.'

एवढी माणसे त्या माडीवर मावणे शक्यच नव्हते. खोली भरली, दार भरले, आणि उरलेले जिन्यावर बसले, पायरीगणिक एक दोन जण, थेट रस्त्यापर्यंत. पाळकांनी आत प्रार्थना केली, आपली जागा एका म्हाताऱ्या बाईंना दिली, आणि सरकत सरकत ते तळच्या पायरीशी आले. गाणे सुरू झाले तेव्हा मोठीच अडचण उभी राहिली: वळणामुळे जिन्यावरच्यांना ते बोट दिसेना, आणि आवाज मागेपुढे होऊ लागले. दारात बसलेल्या पाळकांच्या पत्नींनी तोड काढली. वरच्या बोटाबरोबर त्यांनी खालच्या पायरीवरील माणसाच्या खांद्यावर ठेका धरला. त्याने तो त्याच्या खालच्याला दिला. वळणावर परिचारिका बहिणींनी, मग छापखान्याच्या मालकांनी, मग मास्तरांनी. आणि मास्तरांची सुरकुतलेली बोटे पाळकांच्या खांद्यावर पडू लागली. विस्कटलेले गाणे पायरीपायरीने जुळत खाली आले.

दुसऱ्या कडव्याच्या सुमारास उंबऱ्यावर सावली पडली. बिशपसाहेब होते, बोटांना पाटीवरचा खडू लागलेला. पाळकांनी उठू पाहिले, पण बिशपसाहेबांनी हाताने खूण केली आणि झगा सावरून ते त्यांच्या खाली, उंबऱ्यावरच बसले. पाळकांना क्षणभर काय करावे कळेना. साखळी तोडता येत नव्हती. त्यांनी श्वास घेतला आणि बिशपसाहेबांच्या खांद्यावर ताल धरला.

"हे काय?" बिशपसाहेबांनी मान न वळवता विचारले.

"ताल आहे, साहेब. वरून येतो."

"वरून म्हणजे?"

"माडीवरून. एक बाई आहेत. त्यांना बोलता येत नाही, आणि जिना उतरायची भीती वाटते."

"आणि म्हणून चर्च रिकामं?"

"जी."

कडवे संपले; पुढचे सुरू झाले. "ते वाक्य आणलंत का?"

सकाळपासून घोळवलेले वाक्य पाळकांनी आठवून पाहिले. 'सर्वांगीण'च्या पुढे काही आठवेना. "वाक्य राहिलं, साहेब," ते खरे तेच बोलले. "ज्यांना येता येत नाही, त्यांच्याकडे जायचं होतं."

बिशपसाहेबांनी पुढचा ठेका खांद्यावर घेतला. "राहिलं कुठे?" मग ते म्हणाले. "झालं की सांगून."

पाळकांची बोटे एक मात्रा चुकली. मास्तरांनी वरून खांद्यावर जरा जोरातच ती सुधारून दिली.

गाणे संपल्यावर बिशपसाहेब लोकांमधून वाट काढीत वर गेले. वळणावर थांबून त्यांनी कठडा चाचपला. "तुमच्या चर्चचं छत जुनं आहे, त्याचं काय करायचं ते मी सांगू शकत नाही," ते मागे येणाऱ्या पाळकांना म्हणाले. "पण विलीनीकरणाचा विषय मी काढून टाकतो. एका जागी सापडत नाही ती मंडळी विलीन तरी कशी करायची?"

खोलीत ते खिडकीशी गेले आणि त्यांनी आदराने हात जोडले. "आपणच का या मंडळीच्या गायनप्रमुख?"

त्यांच्या वतीने घड्याळजी पुढे झाले. "गायनप्रमुख वगैरे काही ठाऊक नाही हो. ही आमची मंडळी."

जिन्यापर्यंत हशा उसळला. हसली नाही ती फक्त खुर्चीतली बाई. शेवटच्या कडव्यात खालच्या उंबऱ्यावरून एक जाडसर, पाठीमागे रेंगाळणारा आवाज आला होता. वर्षभर चार भिंतींतली टकटक ऐकून तयार झालेल्या त्या कानांनी तो बरोबर टिपला होता. आता तो आवाज समोर उभा होता. त्यांनी बिशपसाहेबांकडे बोट केले, मग ट्रंकेवरची मोकळी जागा दाखवली, आणि बोट पुन्हा हवेत उचलले.

"बसा साहेब," आत्या पेटीचा भाता मोकळा करीत म्हणाल्या. "शेवटचं कडवं पुन्हा घ्यायचं आहे. इथे कोणाची सुटका नाही."